गावची नळयोजना गावानेच चालवायची, ती कशी?

आधी एक प्रश्न. तुमच्या गावात हजार लिटर पाणी विहिरीतून टाकीत आणि टाकीतून घरोघरी पोचवायला किती रुपये लागतात? सरपंचांना विचारा, ग्रामसेवकांना विचारा, पाणी सोडणाऱ्याला विचारा. मी बरीच वर्षं आमच्या गावच्या पाणी समितीत आहे, आसपासच्या समित्यांबरोबरही ऊठबस आहे, आणि जाईन तिथे हा प्रश्न विचारतो. टाकी किती लाखांची झाली हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. हजार लिटरचा आकडा मात्र क्वचित कुणाकडे असतो. ज्या गावाकडे तो असतो, त्या गावाची योजना मी तरी बंद पडलेली पाहिलेली नाही.

योजना बांधायला सरकार पैसे देतं. ती रोज सकाळी चालवायचं काम गावाचं असतं, आणि ते कसं करायचं हे सहसा कुणी बसून शिकवत नाही. म्हणून हा लेख. सरपंच, सदस्य, समितीतल्या महिला, ग्रामसेवक (आता कागदावर ग्रामपंचायत अधिकारी) आणि पाणी सोडणारे, या सगळ्यांसाठी तो लिहिला आहे.

कायद्याचं आधी थोडक्यात. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचं पाणी हा पंचायतीचा विषय आहे. नगरपंचायती, नगरपरिषदा आणि महापालिकांसाठी ७४व्या दुरुस्तीची बारावी अनुसूची तेच सांगते. लोकांच्या संस्थेने सेवा स्वतः चालवणं आपल्याकडे नवीनही नाही. मुंबई महापालिकेने विजेची आणि ट्राम-बसची कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या ताब्यात घेतली, तीच आजची बेस्ट. केरळात त्रिशूरची महापालिका स्वतःच्या विभागामार्फत शहराला वीज देते. त्यांच्या मानाने गावची नळयोजना लहान आहे. पण हिशेब ठेवायची पद्धत तीच लागते.

ताबा घेण्याआधी

ठेकेदाराने काम पूर्ण केलं की हस्तांतरणाचा कागद सहीसाठी येतो. सही करायची घाई करू नका. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली असते, पाणी धो धो येतं आणि सगळं उत्तम दिसतं. माझं ठाम मत आहे की योजनेची खरी चाचणी एप्रिल-मे महिन्यातच घ्यावी. तोवर ताबा लांबवता येत नसेल, तर उन्हाळ्यातल्या चाचणीची अट लेखी घालून घ्यावी.

सही करण्याआधी पाइपलाइनचा प्रत्यक्ष टाकल्याप्रमाणे नकाशा हातात हवा. अंदाजपत्रकातला नकाशा चालणार नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह कुठे आहे ते त्या नकाशात हवं, आणि समितीतल्या दोघांनी ठेकेदाराच्या माणसाबरोबर गावातून फिरून प्रत्येक चेंबर उघडून पाहायला हवं. रस्त्याच्या काँक्रीटखाली गाडला गेलेला व्हॉल्व्ह पुढे कुणालाच सापडत नाही. पंप, मोटर आणि स्टार्टरची वॉरंटी कार्डं ग्रामपंचायतीच्या नावाने घ्या. विजेचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, आधीची थकबाकी आहे का, हेही तपासा. नवी योजना जुन्याच मीटरवर जोडलेली असेल तर मागची बाकी तुमच्या गळ्यात येते.

गावात येणारं पाणी मोठ्या प्रादेशिक योजनेचं असेल तर गावाच्या शिवेवर मोठा मीटर असल्याशिवाय ताबा घेऊ नका. अनेक गावांची मिळून शिखर समिती असते, ती तुम्हाला पाण्याचं बिल देणार. किती पाणी घेतलं हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर त्या बिलावर बोलणार काय?

समिती नावापुरती नको

जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती १० ते १५ जणांची असते, त्यात निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असतात. कागदावर ती सगळीकडे असते. कामाची करायची असेल तर एवढं करा: वरच्या आळीतली एक बाई, टाकीपासून सगळ्यात लांबच्या वस्तीतली एक बाई आणि मोटरचं काम कळणारा एक माणूस समितीत घ्याच. शेवटच्या नळाला पाणी पोचलं का, हे लांबच्या वस्तीतली बाईच सांगू शकते. आमच्याकडे ते काम एक मावशी करतात. पाणी सुटल्यापासून किती मिनिटांनी त्यांच्या तोटीला धार लागली ते त्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. एरवी २० मिनिटं लागतात. एका सोमवारी कॅलेंडरवर ३५ दिसली, तेव्हा मधल्या चौकातली गळती आम्हाला कळली.

समितीची बैठक महिन्याला एक, ठरलेल्या तारखेला. अजेंडा नेहमी एकच: पाणी किती उपसलं, वीज किती लागली, पैसे किती आले, तक्रारी कुठल्या. ग्राम पाणीपुरवठा निधीचं बँक खातं वेगळं ठेवा. पाणीपट्टीचे पैसे सामान्य खात्यात गेले की ते रस्त्याला आणि दिवाबत्तीला लागतात, आणि मोटर जळाली की हात रिकामे असतात.

स्रोत जपा

विहिरीची किंवा बोअरची पाणीपातळी महिन्यातून एकदा मोजा. दोरीला वजन बांधून मोजली तरी चालेल, मात्र पंप बंद करून काही तास गेल्यावर आणि दर वेळी त्याच जागेवरून मोजा. तीन वर्षांचे आकडे जमले की कुठल्या महिन्यात काटकसर सुरू करायची ते आपोआप कळतं.

महाराष्ट्रात १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायला मनाई केली. २००९च्या भूजल अधिनियमातही अशा स्रोतांच्या रक्षणाच्या तरतुदी आहेत. पण कायदा वापरण्याची वेळ येऊ नये हे बरं. शेजारच्या शेतकऱ्याने बोअर मारल्यावर भांडण्यापेक्षा आधीच ग्रामसभेत बोला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही असा नियम स्वतःवर घालून घेतला, आणि तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो. कुठल्याही गावाला पहिलं पाऊल म्हणून हा ताळेबंद मांडता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय त्यासाठी मदत करतं.

टाकी हाच तुमचा मीटर

पंपाला मीटर नसला तरी मोजमाप अडत नाही. टाकीच मीटरचं काम करते.

आतून ५ मीटर व्यासाची गोल टाकी घ्या. तिच्या तळाचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस मीटर. म्हणजे पाणी १ सेंटिमीटर चढलं की १९६ लिटर आलं. टाकीच्या आतल्या शिडीजवळ रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या. बाहेर दोरी-तरंगाचा दर्शक असेल तर पाटीवर खुणा करा. मग गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप बरोबर एक तास चालवा आणि पातळी किती चढली ते पाहा. ८५ सेंटिमीटर चढली तर पंप तासाला सुमारे १६,७०० लिटर देतो.

हीच चाचणी दर तीन महिन्यांनी करा. पुढच्या वर्षी त्याच तासात ७० सेंटिमीटरच चढली तर पंप १३,७०० लिटरवर आला. एकतर इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजला, नाहीतर विहिरीपासून टाकीपर्यंतच्या मेन लाइनला गळती आहे, नाहीतर विहिरीची पातळी खूप खाली गेली. तिन्हींची चौकशी तुम्ही मोटर बंद पडण्याआधी करू शकता. गावाला मात्र तेवढंच पाणी हवं असतं, त्यामुळे पंप ६ तासांऐवजी सव्वासात तास चालतो. वीज बिल गुपचूप वाढतं आणि सगळे म्हणतात की विजेचा दर वाढला.

रात्री तीच टाकी गळतीही सांगते. आदल्या दिवशी दवंडी द्या किंवा व्हॉट्सॲपवर कळवा की रात्री ११ ते १ सगळ्यांनी तोट्या बंद ठेवायच्या. पंप बंद करा. गावाकडचा व्हॉल्व्ह उघडा, रिकाम्या लाइनी भरायला पंधरावीस मिनिटं जाऊ द्या आणि मग पातळी लिहा. तासाभराने परत लिहा. १० सेंटिमीटर उतरली तर १,९६० लिटर जमिनीत किंवा कुणाच्या तरी अंगणात गेलं. रोज ३ तास पाणी सोडत असाल तर ही गळती दिवसाला सुमारे ५,९०० लिटर होते. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते १०७ माणसांचं पाणी झालं. दुसऱ्या रात्री एकेका आळीचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा मोजा. कुठली आळी बंद केल्यावर पातळी उतरायची थांबते ते पाहिलं की खोदायची जागा अर्धी तरी कळली.

हजार लिटरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १,५०० वस्तीचं, ३०० नळांचं गाव धरू. खालचे रुपये नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या बिलांवरून घाला, रीत तीच राहील.

माणशी ५५ लिटर धरलं तर घरांपर्यंत रोज ८२,५०० लिटर पोचायला हवं. वाटेतली गळती धरून १,००,००० लिटर उपसू. तासाला १६,७०० लिटरने पंप ६ तास चालेल. ७.५ एचपीची मोटर तासाला साधारण साडेपाच युनिट खाते. म्हणजे दिवसाला ३३ युनिट, महिन्याला हजाराच्या आसपास. सगळे आकार धरून युनिट ८ रुपयांना पडतं असं समजू: वीज ८,००० रुपये.

पाणी सोडणाऱ्याचा पगार १३,००० धरू. टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम म्हणजे रोज अर्धा किलो, महिन्याला १५ किलो. ४० रुपये किलोने ६०० रुपये. किरकोळ दुरुस्तीला ३,०००. पाणी तपासणी आणि पावतीपुस्तकांना ४००. आणि बहुतेक गावं जे धरायचं विसरतात ते ३,००० रुपये: मोटर, स्टार्टर आणि पाइप कधीतरी बदलावे लागणार, त्यासाठी दर महिन्याला बाजूला ठेवायची रक्कम.

एकूण २८,००० रुपये. महिन्याला घरांपर्यंत पोचतं २४,७५,००० लिटर. भागाकार केला की हजार लिटरला सव्वाअकरा रुपये. हाच तो आकडा. नळामागे महिन्याला ९३ रुपये, वर्षाला साधारण १,१२०.

हा आकडा ग्रामसभेत सांगताना मी जारचा हिशेब सांगतो. २० लिटरचा जार २० रुपयांना घेतला तर हजार लिटर हजार रुपयांना पडतं. पाणीपट्टी महाग आहे म्हणणारा माणूस लग्नात असे चाळीस जार मागवतो. हे ऐकल्यावर लोक विचार करतात, असा माझा अनुभव आहे.

आकड्याचा दुसरा उपयोग वसुलीसाठी. ९३ रुपये दर ठेवला आणि शंभरातल्या साठच घरांनी भरला तर महिन्याला १६,८०० रुपये येतात. तूट ११,२०० रुपयांची, म्हणजे विजेच्या सगळ्या बिलापेक्षा जास्त. पगार थांबवता येत नाही, म्हणून बिल थांबतं. दोन-तीन बिलं थांबली की कनेक्शन तुटतं. नळयोजना बंद पडण्याची गोष्ट बहुतेक गावांत एवढीच असते.

दर ग्रामसभेत ठरवा

पाणीपट्टी आकारायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ने दिला आहे. सामान्य पाणीपट्टी सगळ्यांना आणि विशेष पाणीपट्टी घरात नळ असणाऱ्यांना, हा फरक लोकांना नीट समजावून सांगा. आकारणीची नोंद नमुना ८ला, मागणीची नमुना ९ला, आणि पैसे घेतल्यावर नमुना १०ची पावती दिलीच पाहिजे. वहीत सही करून घेतलेल्या पैशांना पावती नसेल तर पुढे लेखापरीक्षणात उत्तर देता येत नाही.

ग्रामसभेत नुसता 'दर १,१२० करावा' असा ठराव मांडू नका. वरचा हिशेब फळ्यावर खडूने लिहा, एकेक ओळ सगळ्यांसमोर मांडा. कुणी म्हणेल की पगार जास्त आहे, कुणी म्हणेल की तीन हजार बाजूला कशाला. बोलू द्या. लोकांनी स्वतः वाद घालून ठरवलेला दर ते भरतात.

हॉटेल, मंगल कार्यालय, गोठ्याचा मोठा वापर, बांधकाम यांना वेगळा दर हवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला किंवा हलाखीतल्या घराला सूट द्यायची असेल तर ग्रामसभेने जरूर द्यावी. पण ती रक्कम ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून पाणी खात्यात भरावी. तोंडी माफी दिली की तिचा भार पाणी खात्यावर पडतो आणि पुढच्या वर्षी माफी मागणाऱ्यांची रांग लागते.

मीटर लावायचा की नाही? लहान गावात, दोनतीन तास पाणी सुटत असेल तर नळामागे ठरावीक दर पुरतो. चोवीस तास पाणी द्यायचं ठरवलं तर मीटरशिवाय गत्यंतर नाही. कराडला लागून असलेल्या मलकापूरने प्रत्येक नळाला मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं आणि वापर वाढेल तसा वरच्या टप्प्याचा दर चढा ठेवला. तिथे जाऊन या, आणि पाहण्यापेक्षा तिथल्या बिलांची रचना समजून घ्या.

वसुली

वसुली मार्चअखेर सुरू केली की निम्मी बुडते. सुगीनंतर लोकांच्या हातात पैसा असतो तेव्हा मागा. ऊसपट्ट्यात कारखान्याचं पेमेंट झाल्यावर, सोयाबीन-कापसाच्या भागात दिवाळीच्या आसपास. वर्षाची एकदम रक्कम ज्याला जड जाते त्याला महिन्याचे ९३ रुपये भरायची सोय द्या.

पहिली पावती सरपंचांची आणि सदस्यांची फाडा आणि तसं फलकावर लावा. हा नुसता चांगुलपणा नाही. बिल दिल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर न भरणारा सदस्य कलम १४खाली अपात्र ठरू शकतो. थकबाकीदारांसाठी कलम १२९चा रस्ता आहे: आधी बिल, मग मागणीची नोटीस, तरीही नाही भरलं तर जंगम मालमत्तेची जप्ती. जप्तीपर्यंत सहसा जावं लागत नाही. तालुक्याच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवलं की बरेच जण तिथेच हप्ते बांधून घेतात.

नळ तोडायची पाळी आली तर एकदम दहाबारा जणांचे तोडा, आणि त्यात गावातला एखादा वजनदार माणूस असलाच पाहिजे. फक्त गरिबाचा नळ तोडला तर दुसऱ्या दिवसापासून समितीवर कुणाचा विश्वास राहत नाही.

टीसीएल: रोजचं, सगळ्यात दुर्लक्षित काम

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं. गोणी उघडी ठेवली, दमट खोलीत फरशीवर टेकवून ठेवली की ते उडून जातं आणि हातात नुसता चुना उरतो. गोणी लाकडी फळीवर, कोरड्या अंधाऱ्या खोलीत, तोंड घट्ट बांधून ठेवा. दोन-तीन महिन्यांना पुरेल एवढीच विकत घ्या.

५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर लागते. ती प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाण्याने भरा आणि अर्धा तास निवळू द्या. वरचं निवळ पाणी टाकीत ओता. तळाचा चुना टाकीत जाऊ देऊ नका, तो व्हॉल्व्हमध्ये बसतो. पाणी गावाला सोडण्याआधी निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबा. पावडर टाकली आणि लगेच व्हॉल्व्ह उघडला तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन किती उरलं ते रंगावरून पाहायची चाचणी. ती टाकीखाली करून उपयोग नाही, सगळ्यात शेवटच्या नळाला करा. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन दिसलं की सगळं गाव सुरक्षित. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांची स्वच्छता पाहून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल कार्ड मिळालं तर ते लपवू नका, फलकावर लावा. कारणं त्यातच लिहिलेली असतात आणि बहुतेक हजार-दोन हजारांत दुरुस्त होणारी असतात.

प्रयोगशाळेत जैविक तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक एकदा करा. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५च्या वर निघालं तर टीसीएल त्याला काही करू शकत नाही. दुसरा स्रोत किंवा वेगळी शुद्धीकरणाची सोय शोधावी लागते.

गटारातून गेलेली नळाची लाइन हा गावोगावचा सगळ्यात मोठा धोका आहे. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि बारीक छिद्रातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. तोटीला टिल्लू पंप लावला तर ती ओढ आणखी वाढते, आणि शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो तो वेगळाच. गावातली अशी प्रत्येक जोडणी शोधा आणि गटाराबाहेर काढा. त्या कामाला वित्त आयोगाचा पैसा वापरा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. असा पैसा मोठ्या दुरुस्त्यांना घालावा. महिन्याचं वीज बिल मात्र पाणीपट्टीतूनच भरलं पाहिजे, नाहीतर अनुदान लांबलं की पाणी थांबतं.

मोटर आणि वीज

आमच्या गावची मोटर एका एप्रिलमध्ये जळाली. तीनपैकी एक फेज गेला होता. अशा वेळी मोटर बंद करण्यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. तो होताही. पण वीज कमी-जास्त होऊन तो वारंवार पडायचा, पाणी सोडायला उशीर व्हायचा आणि लोक ओरडायचे, म्हणून कुणीतरी तारेचा तुकडा टाकून तो बायपास केला होता. समितीतल्या आम्हा तिघांना ते माहीत होतं. रिवाइंडिंग होऊन मोटर परत बसेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत बायकांनी डोक्यावरून आणलेलं पाणी मी विसरलेलो नाही.

म्हणून स्टार्टरच्या पेटीला कुलूप हवं आणि किल्ली पाणी सोडणाऱ्याकडे आणि समितीतल्या एकाकडेच हवी. मोटरच्या प्लेटवर पूर्ण भाराचे अँपिअर लिहिलेले असतात. रोज मोटर चालू केल्यावर अँपिअर पाहून लिहा. आकडा चढत गेला तर बेअरिंग किंवा केबल तपासा. जमेल तेव्हा जादा मोटर घेऊन ठेवा, त्यासाठीच ते महिन्याचे तीन हजार.

वीज बिल आलं की आधी वर्गवारी पाहा. सार्वजनिक पाणीपुरवठ्याची वर्गवारी वेगळी असते. चुकून दुसरी लागली असेल तर लेखी अर्ज द्या. मंजूर भार आणि प्रत्यक्ष मोटर जुळते का ते पाहा. बिल अंदाजे आलं आहे की रीडिंगवर, हे तपासा. रीडिंगचा फोटो दर महिन्याला तुम्हीही काढून ठेवा.

बाहेरच्याला काम द्यायचं का?

मोटर, स्टार्टर आणि मोठ्या गळतीच्या दुरुस्तीचं वार्षिक कंत्राट द्यायला हरकत नाही. किती तासांत यायचं आणि नाही आल्यास किती कापायचं, हे करारात लिहा. वसुली आणि दर ठरवणं मात्र बाहेर देऊ नका. ते गेलं की पाण्याची मालकी गेली, टाकीवर नाव कुणाचंही असो. नगरपंचायतीत व्याप मोठा असतो आणि मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली अभियंता असतो, पण तिथेही प्रभागवार पाणी मोजणं आणि हजार लिटरचा खर्च दर महिन्याला सभेपुढे ठेवणं ही दोन कामं पालिकेने स्वतःकडेच ठेवावीत.

रोजची वही

पाणी सोडणाऱ्याला एक साधी शंभरपानी वही द्या. तारीख, पंप चालू आणि बंद केल्याची वेळ, वीज मीटरचं रीडिंग, अँपिअर, टाकीची पातळी, टीसीएल किती ग्रॅम, शेवटच्या नळाची ओटी टेस्ट, आणि एक रिकामा रकाना. त्या रिकाम्या रकान्यात तो आपल्या भाषेत लिहील: 'मारुतीच्या मागं ओल दिसती', 'मोटर आवाज करती'. आमच्याकडचे सगळ्यात उपयोगी शेरे त्याच रकान्यात सापडले आहेत.

दर महिन्याच्या बैठकीत ही वही टेबलावर हवी. त्यातून महिन्याचे युनिट आणि तास काढा, तासांवरून उपसलेले लिटर काढा, त्यातून रात्रीच्या चाचणीत सापडलेली गळती वजा करा. घरांपर्यंत पोचलेल्या पाण्याने त्या महिन्याचा सगळा खर्च भागा आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहा: या महिन्यात हजार लिटर पाणी इतक्या रुपयांना पडलं. शेजारी मागच्या महिन्याचा आकडाही ठेवा.